लपूनछपून विणणारे पुरुष

“एक तरी दाखवा,” सर म्हणाले.

सरांचे बोलणे असे होते की त्यांचे एक वाक्य संपेपर्यंत समोरचा चहा निवून त्यावर साय धरावी. आणि त्यांच्यापुढे बसलेली बाई अशी, की समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचे उत्तर देऊन झालेले असायचे. कॉलेजात ती समाजशास्त्र शिकवी. घंटा व्हायच्या आत पुढच्या तासाचेही थोडे उरकून टाकी. मुलांनी तिचे नाव ठेवले घाईबाई. ते मुलांकडून शिक्षकांच्या खोलीत गेले, तिथून घरी पोचले आणि आता तिच्या सासूबाईसुद्धा शेजारणीला सांगत, “आमची घाईबाई यायची वेळ झाली, दारातल्या चपला बाजूला करते.”

“एक तरी काय सर, तीस दाखवते,” घाईबाई म्हणाली.

“तीसच लागतील,” सर म्हणाले. “पण आजपर्यंत एकही नाही.”

हे मात्र खरे होते. सर तिच्या पीएचडीचे मार्गदर्शक होते आणि विषय होता ‘लपूनछपून विणणारे पुरुष : एक समाजशास्त्रीय अभ्यास’. काही वर्षांपूर्वी एका दवाखान्यात नंबर लावून बसली असताना समोरच्या बाकावर एक भरघोस मिशांचा गृहस्थ तिने पाहिला होता. त्याच्या हातात दोन सुया होत्या आणि सुयांवर अंगठ्याएवढा पायमोजा. तिची नजर पडताच त्याने तो मोजा असा काही वर्तमानपत्राखाली सारला, की शाळेच्या पोराने बापाला पाहून सिगरेटही तशी लपवली नसती. घाईबाईच्या अंगावर काटा आला. पुरुष विणतात! आणि लपवतात! डॉक्टरांना न भेटताच ती थेट विद्यापीठात गेली आणि नाव नोंदवून आली. त्या गडबडीत त्या गृहस्थाला नाव-पत्ता विचारायचा राहिला.

तेव्हापासून तिने लोकरीचा इतिहास लिहून काढला होता, सुईची उत्पत्ती लिहून काढली होती, मेंढ्यांवर तर एक सबंध प्रकरण होते. विणणारा पुरुष तेवढा सापडत नव्हता. आणि आता विद्यापीठाने निक्षून सांगितले होते, की महिनाअखेरच्या समितीपुढे तीस जणांच्या मुलाखती आणा, नाहीतर नोंदणी रद्द.

“मी यादृच्छिक नमुना घेते, सर. शहरातल्या सगळ्या पुरुषांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि डोळे मिटून तीस उचलायच्या.”

“डोळे मिटून उचललेल्या तिसांपैकी एक तरी विणणारा निघेल?” सरांनी विचारले. “त्यापेक्षा फक्त विणणाऱ्यांची यादी हवी. आणि जो बायकोपासून लपवतो, तो तुमच्या यादीत नाव घालायला येईल?”

“नाही येणार.”

“मग असंभाव्य नमुना निवड, म्हणजे चिठ्ठ्या नाहीत. त्यात पुष्कळ वाटा आहेत. हाताशी सापडेल त्याला धरायचं, तो सोयीचा नमुना. हाक द्यायची आणि आपणहून येईल त्याला घ्यायचं, तो स्वेच्छेचा. आपल्याला हवा तसाच माणूस हेरून काढायचा, तो सहेतुक. आणि एकाला धरून त्याच्याकडून दुसरा, दुसऱ्याकडून तिसरा गाठायचा, तो हिमगोल. बर्फाचा गोळा उतारावर सोडला की वाटेतलं बर्फ चिकटून वाढत जातो ना, तसा. आता यातली कुठली पद्धत निवडायची याचा आपण जरा सावकाश…”

“सगळ्या,” घाईबाई म्हणाली आणि जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज आला.

सोयीच्या नमुन्याला तिने लगेच, म्हणजे शिक्षकांच्या खोलीतच सुरुवात केली. “तुम्ही विणता का?” असे तिने आठ प्राध्यापकांना उभ्या उभ्या विचारले. सात जण नाही म्हणाले. आठवे, भौतिकशास्त्राचे, तिच्याशी बोलायचेच बंद झाले. घरी येऊन तिने नवऱ्याला धरले. नवरा घड्याळे दुरुस्त करी. डोळ्याला भिंग लावून केसाएवढा स्क्रू चिमट्याने बसवणारा माणूस.

“तुझी बोटं इतकी नाजूक चालतात, तू नक्की विणत असणार,” ती म्हणाली. “खरं सांग. मी कोणाला सांगणार नाही, फक्त प्रबंधात लिहीन.”

“अगं, मला शर्टाचं बटण लावता येत नाही. आईला विचार.”

“नाही येत त्याला,” आतून सासूबाई म्हणाल्या. “शाळेत हस्तकलेत नापास झाला होता.”

जे सोयीचे होते ते कामाचे नव्हते, एवढे घाईबाईला कळले. मग स्वेच्छेचा नमुना. तिने बाजारातल्या लोकरीच्या दुकानात काचेवर चिठ्ठी चिकटवली : ‘आपण पुरुष आहात का? आपण विणता का? संकोच सोडून संपर्क साधा.’ खाली स्वतःचा फोन नंबर. दोन दिवसांत तीन जणांनी संकोच सोडला. पहिला वेताच्या खुर्च्या विणणारा होता. चार खुर्च्यांचे काम मिळेल अशा आशेने तो आला होता. दुसरा मासे धरायची जाळी विणायचा आणि त्याने मुलाखतभर माशांबद्दलच सांगितले. तिसरा झब्बा घालून आला, डोळे मिटून खुर्चीत बसला आणि म्हणाला, “मी शब्द विणतो.” त्याला घालवायला मात्र वेळ लागला. जाताना तो तिला एक कविता ऐकवून गेला आणि दुसरी फोनवर ऐकवीन म्हणाला.

तेव्हा घाईबाई सहेतुकवर आली. आता हाक द्यायची नाही, आपणच हेरायचे. दुकानाची मालकीण शाळेतली मैत्रीण निघाली. तिने काउंटरमागे एक स्टूल दिले. घाईबाई कॉलेज सुटले की तिथे जाऊन बसू लागली आणि येणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे मांजरीने उंदराच्या बिळाकडे बघावे तशी बघू लागली. पुरुष यायचे. “बायकोने सांगितलंय” म्हणायचे, चिठ्ठी पुढे करायचे, मिळेल ती लोकर पिशवीत कोंबून जायचे.

एका संध्याकाळी मात्र एक आडदांड माणूस आत आला. नाक मधोमध मोडलेले, मान खांद्यांत रुतलेली, पंजे फावड्यासारखे. शहरातल्या मुष्टियुद्धाच्या आखाड्याचा तो कोच. तोही म्हणाला, “बायकोने सांगितलंय.” पण मग त्याने लोकरीचा लाल गुंडा उचलला, दोन बोटांत धागा घेऊन पीळ पाहिला, इकडेतिकडे बघून गुंडा हळूच गालाला लावला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “ही धुतल्यावर आटते. गेल्या खेपेची नव्हती आटत. आणि दहा नंबरच्या सुया द्या, पण लांब. त्या आखूड सुयांवर पाठीचे टाके मावत नाहीत.”

घाईबाई स्टुलावरून उठली ती स्टूल घेऊनच उठली, कारण तिचा पदर त्यात अडकला होता. तो सोडवेपर्यंत कोच रस्त्यावर पोचला. तिने त्याला फळवाल्याच्या गाडीपाशी गाठले.

“तुम्ही विणता.”

आयुष्यात भल्याभल्यांचे ठोसे खाल्लेला तो माणूस फळवाल्याच्या गाडीला टेकला. “हळू बोला, मॅडम,” तो म्हणाला. “कोणी सांगितलं तुम्हाला?”

“तुमच्या गालाने.”

नाव बाहेर फुटणार नाही असे त्याने तिच्याकडून दोनदा वदवून घेतले, मग आखाड्याच्या मागच्या कोठीत नेले. तिथे फाटके हातमोजे आणि भुसा गळणाऱ्या ठोसेपिशव्यांच्या ढिगाखालून त्याने एक टोपली काढली. टोपलीत लाल स्वेटरची पाठ होती. टाके असे एकसारखे, की घाईबाईला भरून आले.

“तरुणपणी हात मोडला होता,” कोच सांगू लागला. “डॉक्टर म्हणाले, बोटं मोकळी व्हायला विणकाम करा. बोटं मोकळी झाली, पण मला काही सुटेना. कुस्ती-बिस्ती, दारू-बिरू असलं व्यसन असतं तर घरी सांगता आलं असतं. आता माझी पोरं रिंगमध्ये उतरायच्या आधी मी इथे येऊन चार ओळी घालतो. नाहीतर माझेच हात कापतात.”

“घरी माहीत नाही?”

“बायको पोलिसात आहे. हवालदार. मुख्य चौक तिच्याकडे असतो. तिला असलं काय सांगणार?”

घाईबाईने सगळे लिहून घेतले. आनंदाने तिचे अक्षर इतके वेडेवाकडे आले, की पुढे ते तिलाही लागले नाही. शेवटी तिने श्वास रोखून विचारले, “तुमच्यासारखे आणखी कोणी आहेत?”

कोचने दाराची कडी नीट लागली आहे का ते पाहिले. “असतात,” तो म्हणाला.

आणि हिमगोल सुटला. कोचच्या पोरांचे दात पडत, म्हणून कोचची दंतवैद्याशी जुनी ओळख होती. दंतवैद्य रोग्याची हिरडी बधिर होईपर्यंत पडद्याआड जाऊन मोजे विणत असे. दंतवैद्याने अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याचे नाव सांगितले. तो अधिकारी आगीची घंटा होईपर्यंत बंबाच्या मागच्या बाजूला बसून नातीसाठी टोपडे विणी. घंटा झाली की ते शिरस्त्राणात लपवून तो तसाच आगीवर जाई. घाईबाईला रात्री झोप येईना. तिने ठरवले की तिघांना एकत्र बसवायचे आणि गटचर्चा घडवायची. जागा आखाड्याची कोठी, वेळ बुधवारी दुपारी चारची.

मंगळवारी संध्याकाळी कोच घराच्या गच्चीवर जाऊन दंतवैद्याशी फोनवर बोलत होता. हवालदारबाई वाळलेले कपडे काढायला वर आली आणि चादरीआड थबकली. तिने ऐकले ते असे :

“काळा गुंडा तुमच्याकडेच राहू द्या. माझ्याकडचे दोन मी घेऊन येतो, तीन गुंडे पुरे होतील… हो हो, बाई येणार आहेत, चारला… छे, हिला कशाचा पत्ता नाही. कळलं तर माझी धडगत नाही… गळा ना? गळा उद्या उरकूनच टाकू. गेल्या खेपेला फार आवळला गेला. या वेळी बेताने धरू.”

हवालदारबाईने चादर तशीच दोरीवर सोडली. मुख्य चौकात उभी राहणारी बाई ती. कोण सिग्नल तोडणार हे तिला दिवा लाल व्हायच्या आधी कळत असे. आणि आपल्या घरात एक बाई, तीन गुंड आणि कोणाचा तरी गळा शिजतो आहे, हे तिला आज कळत होते. ती रात्रभर नवऱ्याच्या हातांकडे बघत होती. सकाळी त्याने नेहमीसारखा तिला डबा भरून दिला, तेव्हा तिने डब्याचा वास घेतला.

बुधवारी चार वाजता कोठीत सगळे रंगात आले होते. अधिकारी टोपड्याची कड विणत होता. दंतवैद्य मोज्याची टाच वळवत होता आणि ती कशी वळवायची यावर कोचशी वाद घालत होता. घाईबाई ध्वनिमुद्रणाचे यंत्र एकाच्या तोंडापुढून दुसऱ्याच्या तोंडापुढे नेत होती आणि मधूनमधून स्वतःच टाळ्या वाजवत होती. इतक्यात हवालदारबाईने दोन सहकाऱ्यांसह धाड घातली. तिने सगळे बळ एकवटून दाराला लाथ घातली. दाराची कडी घाईबाईने आत येताना लावलीच नव्हती. त्यामुळे हवालदारबाई दारासकट आत आली आणि ठोसेपिशवीला मिठी मारूनच थांबली.

“हात वर,” ती पिशवीला धरूनच म्हणाली. “कोणी हलायचं नाही.”

सहा हात वर झाले. सहाही हातांत सुया होत्या आणि सुयांना तीन रंगांची कामे लोंबत होती.

“जरा थांब,” कोच म्हणाला. “या ओळीचे चार टाके राहिलेत. गळतील.”

हवालदारबाईने त्याच्याकडे पाहिले. मग दंतवैद्याकडे, मग अधिकाऱ्याच्या सुयांवरच्या टोपड्याकडे पाहिले.

“गुंडे कुठे आहेत?”

कोचने हनुवटीने टोपली दाखवली. टोपलीत एक काळा गुंडा होता आणि दोन लाल.

“आणि गळा?”

कोचने लाल स्वेटर पुढे धरला. गळा गोल होता, शेवटच्या चार टाक्यांवर आलेला.

“बाई कोण ती?”

“मी,” घाईबाई म्हणाली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. “बरं झालं आलात. बसा ना. यजमान विणतात हे तुम्हाला आत्ताच कळलं, का आधीपासून संशय होता? कळल्यावर पहिल्यांदा काय वाटलं, राग, लाज की दोन्ही? आठवतंय तोवर सांगा, मी लिहून घेते.”

हवालदारबाई उलट्या बादलीवर बसली. तिचे दोन्ही सहकारी भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

“दोन वर्षांपूर्वी मला निळा स्वेटर दिला होतास,” ती नवऱ्याला म्हणाली. “दुकानातून आणला म्हणून.”

“दुकानातला नव्हता तो.”

“त्याची उजवी बाही लांब आहे. मी गाड्या थांबवायला हात वर करते आणि बाही बोटांवरून खाली येते. लोकांना पंजाच दिसत नाही. दोन हिवाळे मी त्या दुकानदाराच्या नावाने बोटं मोडतेय.”

“मला माहीत आहे,” कोच म्हणाला. “रोज ऐकतो ना मी. दे, उसवून नीट करून देतो.”

हवालदारबाई बादलीवरून उठली. तिने लाल स्वेटरचा गळा हातात घेतला, आत बोटे घालून ताणून पाहिला. “त्या निळ्याला हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “हा पुरा कर. आणि मापाला मला बोलवत जा. चोरासारखा झोपलेल्या माणसाचा हात वितीने मोजतोस आणि मला वाटतं डासच चावला.”

आता हे प्रकरण इथे मिटायला हरकत नव्हती. पण हवालदारबाईला नवऱ्याचा एकदम अभिमान वाटू लागला होता, आणि चौकात उभ्या असलेल्या बाईला अभिमान वाटला की तो सबंध शहराला कळतो. दिवा लाल झाला की ती मोटारीच्या काचेवर टकटक करी. लोक परवाना काढून दाखवत. “परवाना ठेवा आत,” ती म्हणे, “माझे मिस्टर स्वेटर विणतात. तुम्हाला येतं का काही?” दिवा हिरवा झाला तरी लोक हलत नसत.

झाकायचे काही उरले नाही म्हटल्यावर अग्निशमनचा अधिकारी अंगणात खुर्ची टाकून उघड विणू लागला. साहेब विणतात म्हटल्यावर त्याचे जवान मागे कसे राहतील? आठ दिवसांत बंबाच्या शिडीवर पायरीगणिक एकेक जवान सुया घेऊन बसलेला दिसू लागला. आखाड्यातल्या पोरांनी हातमोजे काढून पायमोजे घेतले. दंतवैद्याकडे तर रोगीच विणत बसू लागले. दात दुखत नसताना तिथे गर्दी होऊ लागली. मैत्रिणीच्या दुकानातली लोकर संपली, मग सुया संपल्या, मग लोक काचेवरची चिठ्ठी वाचून घाईबाईला फोन करू लागले. “मॅडम, मीही विणतो. मला घ्या ना तुमच्या अभ्यासात.”

घाईबाई हवेत तरंगत होती. सकाळी दोन मुलाखती, कॉलेज, संध्याकाळी दोन मुलाखती. सरांनी फोनवर सावकाश सुचवले की सगळे अग्निशमनचेच नकोत, प्रत्येक पेशाचा थोडा कोटा ठेवा. तेव्हा तिने बंबाच्या शिडीखाली उभे राहून जाहीर केले, “तुमचा कोटा संपला.” जवान इतके हिरमुसले की वशिला लावू लागले. एकाने तर आपण मुळात सुतार आहोत असा दावा केला.

एके दिवशी नवराही जेवताना म्हणाला, “मीही सुरू केलंय म्हणे.”

“म्हणे काय? विणतोस?”

“दुकानात. मधल्या वेळात. मफलर.” त्याने पिशवीतून एक वीतभर मफलर काढून दाखवला आणि लगेच आत ठेवला. घाईबाईचे डोळे पाण्याने भरले. मफलर दुसऱ्या दिवशी दीड वीत झाला आणि चौथ्या दिवशी हातभर. घाईबाईने त्यालाही नमुन्यात घेतले. तो तिसावा.

समितीच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. अध्यक्षबाई बाहेरगावच्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून त्यांनी मुलाखतींचा गठ्ठा चाळला. तीस मुलाखती पाहून सरांची मान ताठ झाली.

“छान,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “यांना विचारलंय, केव्हापासून विणता. हे म्हणतात, गेल्या गुरुवारपासून. हेही गुरुवारपासून. हे शनिवारपासून. हे…” त्यांनी कागद जवळ धरला. “हे म्हणतात, उद्यापासून.”

“त्यांना सुया मिळाल्या नव्हत्या,” घाईबाई म्हणाली.

“आणि लपूनछपून विणता का? ‘छे, शिडीवर बसून विणतो.’ ‘नाही, चौकात.’ ‘नाही, आमच्या दवाखान्यात या बघायला.’ बाई, तुमचा विषय लपूनछपून विणणारे पुरुष असा आहे. सुरुवात केलीत तेव्हा असे किती सापडले होते?”

“तीन.”

“आणि आज शहरात किती आहेत?”

घाईबाईने उत्तर द्यायला तोंड उघडले. मनातल्या मनात ती आखाड्यातून दवाखान्यात गेली, दवाखान्यातून बंबापाशी. “एकही नाही,” ती म्हणाली. इतके हळू ती जन्मात बोलली नव्हती.

“अभ्यासकाने समाजगट बघायचा असतो. तुम्ही तो संपवलात.”

अध्यक्षबाईंनी पेनाचे टोपण काढले. तेव्हा सर उठले. “मला या संदर्भात,” ते म्हणाले, “थोडंसं, म्हणजे अगदी थोडक्यात, असं मांडावंसं वाटतं, की…” आणि ते मांडू लागले. पहिल्या वाक्यात एका सदस्याला झापड आली. दुसऱ्या वाक्याला चहा आला, प्याला गेला आणि कप परत गेले. तिसरे वाक्य अर्ध्यावर असताना अध्यक्षबाई घाईघाईने म्हणाल्या, “ठीक आहे, ठीक आहे. एक सत्र वाढवून देतो. पण विषय तोच. विषय बदलला की सगळं पहिल्यापासून. आणि असा उघड विणणारा एकही नको. खरोखर लपवणारे आणा.”

घाईबाई भर दुपारी घरी आली. अशा वेळी ती कधी घरी नसे. शहरात आता लपवायचे ते कोण आणि कशाला लपवील? वाटेत तिने चार विणणारे पुरुष पाहिले. एकाने तर हात हलवून तिला ओळखही दाखवली, आणि तिला रडू आले.

सासूबाईंच्या खोलीचे दार लोटलेले होते. आतून सुयांचा आवाज येत होता, शिवणाच्या यंत्रासारखा अखंड. घाईबाईने दार ढकलले. सासूबाई पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांच्या भोवती सहा-सात मफलर पसरले होते. मांडीवरच्या सुयांवर होता तो घाईबाईने चांगला ओळखला.

“तू एवढ्यात कशी आलीस?” सासूबाई म्हणाल्या आणि पांघरूण ओढायला गेल्या. पांघरूण लहान पडले.

“हा तर याचा मफलर.”

“त्याचाच आहे. मी आपली जरा ओळ सरळ करत होते.”

“आई, याचा कालचा हातभर आज दीड हात झालाय. आणि हे बाकीचे?”

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. “त्या पोरांचे आहेत गं. तपकिरी तो शिडीवरच्या तिसऱ्या जवानाचा. नुसत्या सुया हलवत बसतो बिचारा, रात्री पुडकं आणून देतो. हिरवा दंतवैद्याच्या कंपाउंडरचा. राखाडी तुमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्रवाल्याचा. सगळ्यांना येतं आणि आपल्याला येत नाही, हे सांगायचं कसं कोणाला? शिकून बघितलं त्यांनी. बोटांत गाठी पडल्या.”

मागे पावले वाजली. नवरा जेवायला आला होता. पलंग पाहून तो दारातच थांबला.

“अगं, मला नाही येत,” तो म्हणाला. “घड्याळात कसं, प्रत्येक चाकाला जागा ठरलेली असते. या लोकरीला काही धरबंधच नाही. पण तुझ्या अभ्यासाने शहर विणायला लागलं आणि तुझाच नवरा तेवढा… बरं दिसेना. कोणाला सांगू नकोस. मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

घाईबाई त्याच्याकडे बघत होती. तिच्या अंगावर काटा आला. दवाखान्यातल्या त्या बाकावर आला होता, अगदी तसला.

“तू हे लपवतोस?” तिने विचारले.

“सगळेच लपवतात. चार तर मला माहीत आहेत. दुकानात येतात, घड्याळ बघायच्या निमित्ताने, आणि मन मोकळं करतात. त्यांचे त्यांचे आणखी असतील.”

घाईबाईने फोन उचलला. चप्पल अजून पायातच होती.

“सर, विषयाचं नाव बदलता येईल?”

“बाई,” सर म्हणाले, “विषय बदलणं म्हणजे, तुम्हाला आताच सांगितलं त्याप्रमाणे, नव्याने नोंदणी, नव्याने मंजुरी…”

“विषय नाही, सर. एक अक्षर वाढवायचंय. टंकनातली दुरुस्ती म्हणून चालेल का?”



“कुठलं अक्षर?”

“न. लपूनछपून न विणणारे पुरुष.”

नवरा भिंतीला टेकून खाली बसला. सासूबाईंनी सुयांवरची ओळ पुरी केली, काम उलटवले आणि निळ्या मफलरावर उशी ठेवत त्या म्हणाल्या, “तिसातले नऊ तर माझ्याकडूनच मिळतील तुला. पण या खेपेला त्या हवालदारबाईच्या कानावर काही जाऊ देऊ नकोस हं. हा तिच्या पोलीस ठाण्यातल्या साहेबांचा आहे.”